तिसरा डबा मागच्या सैपाकघरात

वीरधवल भाऊजी,

बाळाला डोस द्यायला कोरेगावला चाललेय. दुपारी घरभर रेंज पोचवणारे मेश वायफायचे डबे बसवायला माणूस येईल. दोन डब्यांत भागेल म्हणेल, पण तुम्ही तीनच घ्या. एक पुढच्या सोप्यात, एक माडीवर आणि तिसरा मागच्या सैपाकघरात.

लेहहून यांचा व्हिडिओ कॉल आला की सगळे सोप्यात जमतात आणि आत्या, "तव्यावर भाकरी हाय गं," म्हणत आत पळतात. परवा मी मागोमाग गेले. तवा गार होता, आत्या पदरानं डोळे पुसत होत्या. चुलीपाशी रेंज आली तर लेकाशी निवांत बोलतील तरी.

मामंजी विचारतील, "भाकरी काय नेटवर भाजायची हाय व्हय?" भिंती जाड आहेत, एवढंच सांगा. आत्यांचं नाव काढू नका.

राजेश्वरी