बुधवार सोडून कुठलाही वार

२ मार्च, सोमवार
लिफ्ट कंपनीत तक्रारींचे फोन घेऊन घेऊन माझा उजवा कान कामातून गेला, त्याची दखल अखेर घेतली गेली. पुढच्या आठवड्यापासून चारच दिवस काम! शनिवार-रविवार आहेतच, वर आणखी एक वार. अट एकच. आम्ही पाच जण, वारही पाच, एका वारी एकानेच घरी बसायचं. साहेब म्हणाले, आपसात ठरवा, माझं डोकं खाऊ नका.
यात ठरवायचं काय? सर्वांत जुना मी. शुक्रवार माझा. मात्र मागायचा नाही. त्यांनी आणून द्यायचा.
संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते, तिला बुधवारी सुट्टी. म्हणाली, बुधवार सोडून कुठलाही वार घ्या. असला मधलाच भिकार वार माझ्या गळ्यात पडू नये म्हणून केवढी काळजी!

३ मार्च, मंगळवार
संताप. दाढीवाला आल्या आल्या म्हणाला, मला शुक्रवार चालेल. चालेल! जसं काही कोणी त्याच्या पाया पडायला गेलं होतं. कुठल्या लिफ्टला कुठला मेकॅनिक पाठवायचा ते हा बघतो. बघतो कसला, तोंडाला येईल ते नाव सांगतो. मी फक्त ड्रॉवर जोरात लावला. एवढ्यावरून त्याला कळायला हवं.
ड्रॉवर आता उघडत नाही. डबा आत आहे.

५ मार्च, गुरुवार
नवं धोरण: आडून सुचवणे. जेवताना सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालो की शुक्रवारी माझा गुडघा फार दुखतो. नव्या मुलीने विचारलं, शुक्रवारीच? मी म्हणालो, हो, शुक्रवारीच. तिने लगेच गुडघ्याच्या पट्ट्याची लिंक पाठवली. मुलीची अक्कल कुठे चरायला गेली आहे कोण जाणे. स्वतः मात्र गुरुवार कधीच पटकावून बसली आहे. क्लास आहे म्हणे. कसला क्लास? फोनवर 'होल्ड करा' म्हणायला शिकवतात का तिथे?
निश्चय: उद्यापासून चिडायचं नाही. बीपीच्या डॉक्टरांनी बजावलं आहे.

६ मार्च, शुक्रवार, सकाळी ९.४०
चिडलो.

संध्याकाळी
बिलं करणारी जोडगोळी पाणी प्यायलासुद्धा बरोबर जाते. दोघांना एकच दिवस मिळणार नाही म्हणून तोंडं पाडून बसले होते. शेवटी लागून तरी असू देत म्हणून सोमवार-मंगळवार घेतले. मग साहेबांनी मला विचारलं, तुमचं काय?
मी तोऱ्यात म्हणालो, माझं काही नाही, उरेल तो चालेल. अशा वेळी माणसं ओशाळतात आणि शुक्रवार हातात ठेवतात. साहेब म्हणाले, उत्तम, मग तुम्हाला बुधवार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाढीवाल्यानेही. नालायक! त्यागाची किंमत नाही या गाढवांना.

८ मार्च, रविवार
शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की मला बुधवारच हवा होता. शनिवारी हिचा दवाखाना, रविवारी ही माहेरी आईला बघायला. मुलगा शिकायला बाहेर गेल्यापासून आम्ही दोघं निवांत बोललोय कधी? दाढीवाल्याला काय करायचाय तो शुक्रवार करू दे. बेत: बाल्कनीत चहा, मग फिरणं, दुपारी सिनेमा. उद्या तिला सांगतो. खूश होईल.

९ मार्च, सोमवार
सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. आनंदाने माणूस सुन्न होतो तो असा.
मग म्हणाली, आठवड्यात तेवढ्या एकाच दिवशी या घरात कोणी चिडत नसतं.
कोण चिडतं? मी ओरडून विचारलं, कोण चिडतं या घरात? शेजाऱ्यांनी त्यांचं दार लावून घेतलं.

१० मार्च, मंगळवार
हिने सुट्टी बदलून घेतली. आता सोमवारी. म्हणाली, मागितली, मिळाली. मी रागाने जेवलोच नाही.
नंतर जेवलो. पण रागानेच.

११ मार्च, बुधवार, सकाळी १०.१०
पहिली सुट्टी. ही कामावर. बाल्कनीत चहा घेतला. चुकून दोन कप केला होता. दोन्ही प्यायलो.

१०.५०
फ्रिज फार आवाज करतो. त्याला चार शब्द सुनावले.

११.३०
दवाखान्यात फोन केला. ही 'नमस्कार, बोला' म्हणाली, तेही इतक्या गोड आवाजात! हा आवाज घरी ऐकून किती दिवस झाले! मी बोलतोय म्हटल्यावर म्हणाली, पेशंट उभे आहेत, लवकर सांगा. मला सांगायचं होतं की घर खायला उठलंय, तू ये. चांगलं झापायचंही होतं. तोंडातून निघालं, नंबर लावायचा आहे.
तिने विचारलं, तक्रार काय? हा प्रश्न जन्मभर मी लोकांना विचारत आलो, उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली. म्हणालो, दाढ. तिने विचारलं, कुठली? म्हणालो, तू सांगशील ती.
पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, पुढच्या बुधवारी सव्वाअकरा. थोडं आधी या, बाहेर बसावं लागतं.
दाढा सगळ्या ठणठणीत आहेत. पण दवाखाना नऊला उघडतो. नऊलाच जाऊन बसेन म्हणतो.