तो डकोटा नव्हता

रवि. ५ ऑगस्ट ८४
बोरिवलीला काकूकडे. काकांना जाऊन वर्ष झालं, म्हणून तिने त्यांची ट्रंक रिकामी करायला घेतली. शर्ट वाटून टाकले. तळाशी एक फोटो निघाला. विमानासमोर चार माणसं उभी. डावीकडून दुसरे बाबा. लग्नाच्या फोटोतली तीच हनुवटी, माझ्यासारखी खळी पडलेली. 
"तुमच्याकडचाच असेल गो, घेऊन जा," काकू म्हणाली.
आमच्याकडचा कुठून असणार? लग्नाचा सोडला तर आमच्याकडे बाबांचा एकही फोटो नाही.
आईला दाखवला नाही. का, ते माझं मलाच कळलं नाही.

मंगळ. ७ ऑगस्ट
ऑफिसात लक्ष नाही. सारखं तेच डोक्यात. बाबा त्रेचाळीसला, लढाईत, गिरणी सोडून आसामकडे विमानांच्या कामाला गेले तेव्हा मी दोन वर्षांची. मग पत्र नाही की निरोप नाही. बारा वर्षं वाट पाहिली आणि काकांनी विधी करून घेतला. पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला अग्नी दिला. ते पंचावन्न साल, मी चौदाची. आईच्या बांगड्या त्या दिवशी फुटल्या. काका म्हणायचे, डकोटा विमानात बसले असतील, ते डोंगरात पडलं असेल. तेव्हापासून डकोटा हा शब्द आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारत नाही.
फोटोतलं विमान डकोटाच असू दे. म्हणजे फोटो तेव्हाचा. फ्रेम करून आईला देता येईल.

रवि. १९ ऑगस्ट
वाकोल्याला, ऑफिसातल्या लोर्नाकडे. तिचे पप्पा, पिंटो अंकल, विमानतळाच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत. फोटो बघून एकदम खूश. चहा थंड झाला तरी सोडेनात.
"डकोटा? छे गं! डकोटा जमिनीवर शेपटीवर बसतो, नाक वर. हे बघ कसं सरळ उभं आहे. नाकाखाली चाक."
मग पंख दाखवला. एका पंखावर दोन इंजिनं, म्हणजे मिळून चार. डकोटाला दोनच. खिडक्या मोठ्या, लंबगोल.
"व्हायकाउंट. मी किती धुतलीत, यार. आपल्याकडे सत्तावन्नला आली."
मी म्हटलं, आधी बाहेरच्या देशात असेल.
"मग अंगावर व्हीटी कशाला लिहिलंय? इंडियातलंच आहे ते."
लोर्ना म्हणाली, "झकास फोटो आहे ना! तुझं तोंड का पडलं गं?"
सत्तावन्न. आणि आम्ही त्यांना पंचावन्नला जाळलं.

बुध. २२ ऑगस्ट
काकांना माहीत होतं. फोटो त्यांच्या ट्रंकेत होता, आणखी कोणाच्या नाही. आईचं मोकळं कपाळ येता-जाता बघायचे, तिच्या हातचं मटण खायचे आणि एक शब्द नाही! मेलेल्याशी भांडताही येत नाही. हे मात्र खरोखर मेले.
काकूला विचारलं. ती देवाची शपथ घेते, मला काही ठाऊक नाही. मला खरं वाटतं. काकांनी तिला आयुष्यात एवढंच सांगितलं असेल की चहात साखर कमी आहे.

रवि. २ सप्टेंबर
शेजारी सावंतांकडे पूजेला भटजी आले होते. जाताना जिन्यात गाठलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, विधी झाल्यावर माणूस परत आला तर?
भटजी हसले. "मग त्याला नव्याने जन्माला घालायचं. बारशापासून सगळे संस्कार. लग्नसुद्धा पुन्हा, त्याच बायकोशी."
मलाही हसू आलं. मग घरात येऊन मोरीत रडले. आई बाहेरून विचारत होती, पाणी गेलं काय गो?

रवि. ९ सप्टेंबर
आमच्या घाटकोपरच्या डोक्यावरून विमानं उतरतात. दिवसभर. आई कधी वर बघत नाही, मी आता सारखी बघते. बाबा असले तर सत्तरीला टेकले असतील. कुठे? कोणाबरोबर? मी आहे हे तरी आठवत असेल का?
एवढी मोठी गोष्ट, आणि सांगायला माणूस नाही. लोर्नाला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला. आईला सांगायचं तर काय? तू उगाच... एकोणतीस वर्षं...
फार एकटं वाटतं. ती समोर बसून भाजी निवडत असते तेव्हा जास्तच.

सोम. २४ सप्टेंबर
उद्या सर्वपित्री. बाबांची तिथी माहीत नाही, म्हणून त्यांचा म्हाळ त्याच दिवशी. भटजींचा निरोप आला, सकाळी येतो.
संध्याकाळी घरी आले तर आईच्या मांडीवर फोटो. माझ्या कपाटात चादरी ठेवताना सापडला. मी बोलत सुटले. काकूने दिला, लढाईतला आहे, मागे आहे ना तो डकोटा. घरात तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला, आणि तोही खोटा.
आईने विमानाकडे बघितलंसुद्धा नाही. फोटो ट्यूबलाइटखाली धरला, बाबांच्या छातीवरून बोट फिरवलं.
"कुंदा, ह्यो स्वेटर हातान इणलेलो हा. कोणी इणलो?"
इतके दिवस मी चाकं बघत होते, खिडक्या बघत होते. स्वेटर मला दिसलाच नव्हता.
"माका इणूक येणा नाय," ती म्हणाली. "आमच्यात कोणाकच येणा नाय."
आवाज नेहमीसारखा. रडली नाही. फोटो पुन्हा मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मगे भटजींका काय सांगतलंस? येवचा की नको?"
भात गार झालाय. ती अजून तशीच बसलीय, आणि सत्तावन्नचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.