दोन माणसांचं सीट

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं! भंगारवाल्याला परत पाठवलं.

तो जिन्याखाली पोचलासुद्धा होता. ताडपत्री बाजूला करून मोटरसायकलचे टायर दाबून बघत होता. नवऱ्याने बोलावलेलं, मला न विचारता. मी वर गणवेशाची मापं टिपत होते. गळ्यातली टेप तशीच घेऊन खाली धावले. म्हटलं, "विकायची नाही. मी चालवणार आहे." त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं — पाच फूट एक इंच, फार वेळ लागला नाही! — आणि म्हणाला, "बाई, आधी पाय तर पोचू देत जमिनीला."

पोचवणार. तेच तर करायचंय.

नवरा वरच्या कठड्याशी उभा होता. "हौस बघा हिची," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

४ फेब्रुवारी, बुधवार

इथे तरी खरं लिहावं. नुसती हौस नाही ही.

नवऱ्याला बाजूचं दिसत नाही. समोरचं दिसतं, तेही नळीतून बघावं तसं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं. त्याने वाद घातला नाही, घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली. त्याआधी वीस वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही बाहेर! तो पुढे, मी मागे. कुठे जायचं ते पहिल्या चौकात ठरायचं. आता रविवारी तो खिडकीशी असतो आणि मी मशीनशी. भांडतही नाही. भांडलो असतो तर बरं वाटलं असतं.

म्हणून ही गाडी माझ्या मापाची करून घ्यायची. मी पुढे, तो मागे. एवढं साधं आहे.

मागे बसायचं त्याला अजून सांगितलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

गाडी गॅरेजमध्ये पोचली. मेस्त्री तिच्याभोवती दोनदा फिरले. कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. म्हणाले, इंजिन ठणठणीत आहे, बाकीचं बघावं लागेल. मागचे शॉकअप आखूड करायचे, हँडल चार बोटं मागे आणायचं, सीट खाली घ्यायचं. मी म्हटलं, "पंचवीस हजारांत बसवा. त्यापुढे माझ्याकडे काही नाही."

"मग एका माणसाचं सीट करू, ताई. पातळ पत्रा, वर फोम. हलकं, देखणं! दोघांचं करायचं तर पत्रा जाड लागतो, खाली आडव्या पट्ट्या लागतात. ते नाही बसत तुमच्या पैशात."

"दोन माणसांचंच."

"दुसरं माणूस किती वजनाचं?"

"अठ्ठ्याहत्तर किलो. शिवाय हट्टी."

"हट्टाचं वजन वेगळं धरायला लागेल," मेस्त्री म्हणाले. मग जरा विचार करून, "बरं, तुम्ही सीटचा नमुना कागदावर कापून आणा. पातळ पत्र्यावर कापून बघू. पेललं नाही तर एकाचं."

म्हणजे सगळं त्या पत्र्यावर आलं.

८ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं त्याला. चहा घेताना.

"मी? मागे? मी काय सामान आहे?"

"मग वीस वर्षं मी सामान होते का?"

कप तसाच ठेवून उठला. मला तसं म्हणायचं नव्हतं. खरं तर म्हणायचं होतं, पण असं नाही.

दुपारी खिडकीशीच बसला. मग मी कापड कापत असताना दारात येऊन म्हणाला, "मेस्त्रीला सांग, कार्बोरेटर उघडला की आतली बारीक स्प्रिंग उडते. समोर फडकं धर म्हणावं." आणि गेला!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शाळेच्या पिनाफोरचे साठ नग बाजूला सारून कापायच्या टेबलावर खाकी कागद अंथरला. गॅरेजमधून सगळी मापं आणली आहेत. मी गाडीवर बसले आणि मेस्त्रींनी खडूने खुणा केल्या — गुडघा इथे, टाच इथे. आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली. माझं माप कुणी पहिल्यांदाच घेतलं, आणि तेही मोटरसायकलसाठी!

मधे कंबर निमुळती, मागे रुंद. कापला नमुना. इतका सुबक आला की भिंतीला टाचून लांबून बघितला. टाकीला रंग कुठला द्यावा? जांभळा म्हणावंसं वाटतं. की गडद हिरवा? आज तीनदा बदलला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हँडल मिळालं! दुसऱ्या मोडक्या गाडीचं, जवळजवळ फुकट. शॉकअपही बसले. आता पाय पोचतात, दोन्ही, टाचांसकट!!

२१ फेब्रुवारी, शनिवार

नणंद आली होती. "वहिनी, या वयात बायका गुडघ्यांना तेल लावतात."

"मी चेनला लावते."

आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. आमच्या घरात आत एकच माणूस होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

घात केला. मीच.

मेस्त्रींनी माझ्या नमुन्याबरहुकूम पत्रा कापला, आणि तो चौकटीत बसेना. चहूबाजूंनी अर्धा इंच जास्त. त्यांनी माझा कागद ठेवला, टेप लावली, परत लावली. मग माझ्याकडे बघत राहिले. आणि मला कळलं! पंचवीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला. शिवणीसाठी सोडतात तो अर्धा इंच मी सगळीकडून सोडला होता.

"ताई," मेस्त्री फार हळू आवाजात म्हणाले, "लोखंडाला शिवण घालत नाहीत."

पोरीसारखं रडू येईल असं वाटलं. ते म्हणाले, "जाऊ द्या, कडा कापून टाकतो. तसंही हा पत्रा दोघांना पेलणार नाही, वाकतोय बघा. एकाचंच करू." मी मान हलवली नाही. उद्यापर्यंत हात लावू नका म्हटलं आणि निघाले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी पिनाफोरची खालची कड दुमडत होते. दोन पदरी झाली की कड कशी ताठ उभी राहते! मशीन तसंच सोडून गॅरेज गाठलं.

"कापू नका! तो अर्धा इंच खाली दुमडा."

मेस्त्री म्हणाले, सरळ कड दुमडेल, वळणावर पत्रा चुरगळेल. म्हटलं, वळणावर कात्र्या मारा, म्हणजे कडेला छोटे काप, आम्ही गळ्याला मारतो तशा. कुठे मारायच्या ते मी खडूने दाखवलं. त्यांनी एक बाजू दुमडून हाताने वाकवून बघितली. वाकेना. दुसरी दुमडली. मग चारही. टाके मारल्यासारखं जागोजाग वेल्डिंग केलं, पत्रा दोन ठोकळ्यांवर ठेवला आणि स्वतः वर चढून उडी मारली. नव्वद किलोंचा तरी माणूस!

पत्रा हलला नाही.

"आडव्या पट्ट्यांची गरज नाही," खाली उतरत म्हणाले. मग पेन्सिल कानामागे खोचत, "आमच्या लोकांना सांगू नका हे तुम्ही सुचवलं म्हणून."

दोन माणसांचं सीट! पंचवीस हजारांत!

१ मार्च, रविवार

फोम आणि कव्हर मीच करणार म्हणून पत्रा घरी आणला. नवरा खिडकीपासून उठून आला. खाली बसून कडेवरून बोट फिरवत गेला, पूर्ण एक फेरी.

"कड कुणी दुमडली?"

"मी सांगितली."

"कात्र्या सारख्या अंतरावर नाहीत."

"वळण कमीजास्त आहे."

"हं." मग फोम वर ठेवायला लावला, आणि सीट फरशीवर असतानाच त्यावर बसला. मागच्या बाजूला!

"मागे फोम बोटभर कमी पडतोय," म्हणाला.

मी बोटभर वाढवला. काही बोलले नाही. बोलले असते तर उठून गेला असता.

५ मार्च, गुरुवार

गिअरच्या गाडीच्या लायसन्सच्या परीक्षेत पास! मेस्त्रींच्या जुन्या गाडीवर मैदानात घोटवलं होतं, तेच कामी आलं. आरटीओच्या साहेबाने विचारलं, "कुणाची गाडी चालवणार?" म्हटलं, "माझी." हा शब्द तोंडातून इतका सहज निघाला की मीच दचकले.

११ मार्च, बुधवार

गाडी घरी आली. गडद हिरवी. जिन्याखाली नाही ठेवली, दारासमोर ठेवली आहे. काम करताना खिडकीतून दिसते. आज एका पँटला दोन डावे पाय लावले.

१३ मार्च, शुक्रवार

जेवताना, ताटातून मान वर न करता, "मग रविवारी कुठे?"

म्हटलं, "पहिल्या चौकात ठरवू."

त्याने मान हलवली. इतकंच! मी त्याच्या ताटात न मागताच भात वाढला.

१४ मार्च, शनिवार

ब्रेक बघून येते असं स्वतःला सांगून सकाळी एकटीच निघाले. तो अंघोळीला गेला होता. पुलापर्यंत जाऊन वळायचं होतं, वळले नाही. पुढचा घाट, घाटानंतरचा मोकळा सरळ रस्ता — तीन तास! कुणी मागे नव्हतं, आणि कुणी असायला हवं होतं हे एकदाही मनात आलं नाही. परतताना हे लक्षात आलं तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबले. इतके दिवस लिहिते आहे की हे सगळं आमच्या दोघांसाठी.

कोपऱ्यावर इंजिन बंद करून गाडी ढकलत आणली, तर तो दारात उभा होता. "सुरू करून बघितलीस?"

"नाही अजून."

त्याने तापलेल्या इंजिनजवळ हात नेला. टेकवला नाही, नुसता धरला. "चौथ्या गिअरला खेचते का?"

"मस्त खेचते!" म्हटलं, आणि जीभ चावली.

त्याने हात मागे घेतला. मग म्हणाला, "उद्याही एकटीच जा. मी पुढच्या रविवारी येतो."