मॅन्युअलची शुद्ध प्रत

४ ऑगस्ट
संकल्प. फाउंड्रीतल्या मोल्डिंग मशीनचं सहाशे पानी मॅन्युअल टॅबलेटवर आणणार. छापील प्रत तेलकट, त्यात समासभर फिटर शमशुद्दीनचं तीस वर्षांचं पेन्सिलभाष्य. इतका अशुद्ध भाष्यकार कुठल्याही ग्रंथाला लाभू नये.

९ ऑगस्ट
स्कॅनिंग पूर्ण. ॲपमध्ये ‘क्लीन’ सापडलं. पेन्सिल साफ. छापील प्रत रद्दीत.

११ ऑगस्ट
मालक नेमिनाथअण्णांना पटवलं: सगळं टॅबलेटवर आहे, शमशुद्दीन कशाला हवा? त्याला शाल, नारळ. जाताना म्हणाला, “माझं पुस्तक तेवढं द्या की सायेब.” लिंक पाठवतो म्हटलं. त्याचा फोन बटणांचा आहे. तो त्याचा प्रश्न.

२५ ऑगस्ट
टॅबलेटवर माझं भाष्य सुरू. महत्त्वाचं तेवढं पिवळं करतो. नवव्या पानापासून सगळंच पिवळं.

१५ सप्टेंबर, दु. ३
मशीन बंद. पान ८८ उघडलं. ‘कंपनीशी संपर्क साधा.’ कंपनी बुडून अकरा वर्षं झाली. समास अत्यंत स्वच्छ.

१६ सप्टेंबर
शिवाजी पेठेत शमशुद्दीनकडे गेलो. त्याची बायको रोशनबी बसा म्हणाली नाही. वयामुळे ऐकू येत नसावं. पान ८८ वर काय लिहिलं होतं, विचारलं. शमशुद्दीन म्हणाला, “ध्यानात ऱ्हाईना म्हणून तर लिवलं हुतं की.”
अण्णा म्हणाले, शनिवारपर्यंत मशीन चाललं नाही तर तुमचीही शाल तयार आहे. नारळ येताना घेऊन या.

१७ सप्टेंबर
गेटसमोर, रस्त्यापलीकडे गुंडूच्या गाड्यावर भजी घेतली. खालचा कागद ओळखीचा. पान २१२! रद्दी त्यानंच उचललेली. उरलेला गठ्ठा मागितला. मागच्या वर्षी त्याचा गाडा मीच गेटवरून हटवला होता, ते त्याच्या लक्षात आहे. म्हणाला, “गठ्ठा न्हाय. खावा, घावंल.”

१९ सप्टेंबर
एकूण चौदा प्लेट. पानं ३७, ४०१, अनुक्रमणिका. पोटाबद्दल लिहीत नाही.

२० सप्टेंबर, स. ११
पान ८८ मिळालं. अण्णांनी मागवलेल्या भज्यांच्या प्लेटखाली. त्यांनीच मोठ्यानं वाचलं: “तळातला वॉल्व अर्धा फेरा मागं. धा मिन्टं दम धरा. सायबास्नी लांब ठेवा, मधीच हात घालत्यात.”
मला गेटबाहेर उभं केलं. दहा मिनिटांत मशीनचा आवाज आला. त्या पानामुळे नव्हे, हवा कोरडी झाली असणार.
गाडी शमशुद्दीनला आणायला गेली आहे.

दु. ४
अजून गेटबाहेरच. टॅबलेटचा पासवर्ड फक्त मला माहीत आहे. तो अद्याप कोणी विचारलेला नाही.