हळदीची गाणी आन बटणाची पेटी

५ एप्रिल २००४, सोमवार
पहिल्यांदा आली ती नर्मदाबाई, शेजारची. पेटी आटोतून उतरली बी न्हवती तर ही दारात हजर. म्हणे, चांगुणाबाई, इस्त्रीचं टेबल आणलं का? मी म्हणले, कॅशिओ हाय, बाई, कॅशिओ, गाण्याची पेटी. माझ्या नातवाच्या, रामप्रसादच्या दोस्तानं दिला. रामप्रसाद रोज घरून वसमतला कामाला जातो. दोन मेला त्याचं लग्न. नर्मदाबाईचं तोंड बघण्यासारखं झालतं. तिच्या सुनेचं बी एक सांगायचं व्हतं, पण ते राहू दे.
माझा लेक संतोष म्हणतो, हळदीला बेंजो पार्टी लावू, बायकांचं गाणं आता कोण ऐकतंय. मला म्हणतो! तीस वर्षं झाले, कुरुंद्यात हळद लागली की गाणं मीच उचलते.
ठरलं. गाणं बी माझं, पेटी बी माझी. बेंजोचं नाव निघणार न्हाई. चार दिवसात शिकते. साक्षरतेच्या वर्गात तीन महिन्यात लिहाय शिकले. ह्या पेटीला तर अक्षरं बी न्हाईत.

६ एप्रिल, सकाळी
मांडणी केली. लोखंडी पाय कैचीवाणी उघडतेत. बोट चिमटलं. पेटी पाटावर ठेवली, पायांवर लुगडं वाळू घातलं.
भाता सापडंना. मागं बघितलं, खाली बघितलं. रामप्रसाद म्हणला, आजी, ही हवेवर न्हाई, करंटवर चालती. मंग डाव्या हाताला कामच काय? डाव्या हातानं शेंगा सोलल्या.
साडेदहाला लाईट गेली. एक बी सूर निघाला न्हाई. उद्या.

७ एप्रिल
सहा सेल लागतेत. घरातल्या बॅटऱ्यांतले काढले, उन्हात तापवले, घातले. वाजली! काय गोड वाजली! एक बटण दाबलं की आपोआप तबला. तबलजीला चहा न्हाई, पान न्हाई.
संतोषला बॅटरी रिकामी सापडली. लई बोलला. कलेत तकलीफ असतीच.

९ एप्रिल
बायका बोलवल्या सरावाला. एक बारीक अडचण हाय. तबला थांबत न्हाई.
आमच्या गाण्यात एकेकाचं नाव घ्यायचं असतं. आजा, काका, मामा, मामी. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून यायचं, नवरदेवाला हळद लावायची. कोणाचे गुडघे दुखतेत, कोणी बिडी टाकून येतो, तवर आमी ओळ लांबवतो. पेटी काही कोणासाठी थांबत न्हाई. नर्मदाबाई म्हणे, बाई, ही तर गाडी चुकल्यावाणी पळून राहिली! मी म्हणले, तूच रेंगाळतीस.
आता समद्या पावण्यांनी झटपट उठाय शिकायचं. दुसरा इलाज न्हाई.

११ एप्रिल, रविवार
नवरीचे मामा मसाजी आन आई सिंधूबाई आले, बस्त्याचं बोलायला. अंगणात हळद वाळून राहिली, तिच्या कडंला सतरंजी टाकून बसवलं. चहा दिला. मी म्हणले, बस्ता मंग बोलू, आधी ऐका.
पेटी चालू केली. आजाचं नाव तबल्यात बराबर बसलं. काकाचं बी बसलं. मंग बोट कुठल्या तरी दुसऱ्याच बटणावर पडलं आन तबला उधळला. मी त्याच्या मागं पळाले. मामी घेतली, मावशी घेतली, आत्या घेतली. मामा ऱ्हायला.
नवरीच्या मामाचं नाव ऱ्हायलं! ह्याच्यावरून माणसं मांडवातून उठून गेलेले मी बघितलेत. मसाजीमामांनी टोपी नीट केली. म्हणले, काहून बाई, आमी मेलो का? सिंधूबाईनं दोन घोट घेतले व्हते, तिनं बी कप खाली ठेवला. गेले.
माझी चूक न्हाई. पेटी शहरात वाढली, तिला मामाचा मान काय म्हाईत.

१२ एप्रिल
रामप्रसाद जेवला न्हाई. म्हणला, आजी, लग्न मोडलं तर? मी म्हणले, असं कुठं मोडतं का, लेकरा. पण माझं ताट मी बी तसंच झाकून ठेवलं.
उद्यापासून मामाचं नाव पहिलं. तीनदा घेते.

१५ एप्रिल, गुरुवार
संतोषनं जाऊन मसाजीमामाला आणलं. रुसवा निघाला. लग्न पक्कं! देवाला साखर ठेवली.
मामाची एकच अट. हळदीला बेंजो पार्टी पाहिजे, आन माईकवर मामाचं नाव पुकारलं पाहिजे. संतोष व्हय म्हणला. रामप्रसाद बी व्हय म्हणला. मला कोणी विचारलं न्हाई, तरी मी बी मोठ्यानं व्हय म्हणले. आपली माघार दिसाय नको.
नर्मदाबाई ओट्यावर बसली व्हती. म्हणे, चांगुणाबाई, मंग हळदीला आपुन बायकांनी करायचं काय? डोळे पुसून राहिली. मी म्हणले, येडी हाय का, बेंजोवाल्याला पेटीवाली लागतीच की! माझं ऐकल्यावर तोच हात जोडंल.
मामा जाताना अंगण बघून गेले. जिथं बायका गायला बसतेत तिथं भोंगे मांडायचे म्हणे. बेंजोवाल्याला घेऊन जागा मोजाय परत येतो म्हणले. सोमवारी, दुपारच्या गाडीनं. तवर सेल तापवून ठेवते, आल्या आल्या त्याला पेटी ऐकवते.