सुकेशनीच्या नावाची ओळ

माळवाडी, ता. गंगाखेड
४ नोव्हेंबर २०२५

चि. मैथिलीस आबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आज जाग आली ती स्वप्नातल्या एका जुन्या आवाजानं. माझ्या शाळेच्या दिवसांत परभणीची एसटी फाट्यावर जेमतेम थांबायची आणि टपावरून पेपरचा गठ्ठा खाली पडायचा. धप्प! आम्ही वर्गात एका सुरात कविता म्हणत असू, त्या आवाजासरशी सगळ्या माना खिडकीकडं वळायच्या. आमचे गुरुजी टेबलावर ताल धरूनच म्हणायचे, कविता अर्ध्यात सोडू नका रे, पेपर काही पळून जात नाही.

आता तुझा पेपर मोटारसायकलवर मुकाट येतो. तरी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर म्हाताऱ्यांना तो वाचून दाखवायचं काम अजून या रिटायर मास्तराचंच. परवाची आपल्या गावची बातमी तू पाहिली असशीलच. बालाजीच्या बायकोला, राजेश्रीला, रात्री कळा सुरू झाल्या. ऑटोनं आरोग्य उपकेंद्रावर नेलं तर कुलूप, सिस्टर नाही. तिथंच दारात बाळंत झाली, बाळ हाती लागलं नाही. वर ठळक मथळा: 'सुकेशनी घरात, बाळ गेलं दारात'. फार दिवसांनी असं यमक हाती आलं बघ. मी जरा घोळवून वाचलं, दोनदा. सरजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग सगळेच उठले आणि सिस्टरच्या क्वार्टरकडं निघाले. बातमी पुढं बरीच होती, पण ऐकायला कुणी उरलं नाही.

तेव्हापासून सुकेशनी सिस्टर दाराआड आहे. काचा फुटल्या. गोपाळ दुकानातून तिला साखरसुद्धा देत नाही. पोरं तीच ओळ ओरडत फिरतात. वाहिनीवाले आले, त्यांनी पोरांना ओळीत उभं करून ती पुन्हा म्हणून घेतली. काही जण तिची जात काढायलेत. पेपरात तर नुसतं नाव होतं.

मला घास गोड लागेना. ती खरंच घरात होती का गं? फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहूनच कळव. आणि जेवत जा. नुसत्या चहावर पेपर निघत असेल, माणूस निघत नाही.

माया आहेच, ती वाढती ठेव.
तुझा आबा

●

नांदेड
८ नोव्हेंबर २०२५

ती. आबांस मैथिलीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा फाडलं.

आबा, ती ओळ माझी आहे. बातमीदारानं उपकेंद्राला कुलूप होतं एवढंच पाठवलं होतं. पान छापायला सोडायची घाई चाललेली. मथळ्याची ओळ भरेना. लहानपणी तुम्ही बोटांवर मात्रा मोजायला शिकवलंत ना, तशा मोजल्या. सिस्टरबाईंचं नाव घातलं, ओळ भरली. मग 'दारात'ला जुळणारं हवं होतं म्हणून 'घरात' आलं. खरं सांगते, तेव्हा मला वाटलं की आबा खूष होतील.

आता आरोग्य खात्याचा खुलासा आलाय. त्या रात्री बाई माळाच्या तांड्यावर दुसरं बाळंतपण करत होत्या. तिथली आई नि मूल दोघंही सुखरूप. हे पहिल्या पानावर घ्या म्हणून मी संपादकांच्या मागे लागले. ते म्हणाले, आपली ओळ वाहिन्यांनी दिवसभर चालवली, आता मागं सरलो तर आपलीच बातमी होईल. शेवटी सातव्या पानावर, टायरच्या जाहिरातीखाली चार ओळी लागल्या.

मी काय करू? राजीनामा टाइप करून ठेवलाय, पाठवायचा धीर होत नाही. सोबत कात्रण आहे, तेवढं ओट्यावर वाचा. माझं नाव मात्र सांगू नका. कान उपटायचा असेल तर पत्रातून उपटा.

रागावलात तरी लोभ सोडू नका.
तुमची मैथिली

●

माळवाडी
१३ नोव्हेंबर २०२५

चि. मैथिलीस आबाचे आशीर्वाद. वि. वि.

कान काय उपटू? मात्रा मोजायला शिकवणारा मीच.

कात्रण ओट्यावर वाचलं. त्याला चालच नाही गं. खुलासा, सदर, नमूद, असे शब्द. गोपाळ म्हणाला, गुरुजी, त्या दिवशी कसं खणखणीत वाचलं होतं, आज घसा बसला का? सरपंच पंडित हसून म्हणाला, नात पेपरात हाय न्हवं, सिस्टरनं तिकडूनच छापून आणलं असंल. सरजाबाई उठून गेल्या. त्या दिवशीची आसवं खोटी पडलेली कुणाला आवडेल?

घरी येऊन वेड्यासारखा त्या खुलाशाला ओवीत बसवू पाहत होतो. बसेना. मग साखर आणि चहापत्ती घेऊन क्वार्टरकडं गेलो. तिनं दार उघडलं नाही, फुटक्या तावदानातून पुडकं घेतलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली की, गुरुजी, आवाज लय चांगला हाय तुमचा, त्या दिवशी इथपर्यंत ऐकू आला. मी माघारी फिरलो.

उद्या ग्रामसभा आहे. सिस्टरला गावातून हलवायचा ठराव घ्यायचं ठरलंय, आणि असा डाग घेऊन गेली की पुढच्या गावात तिच्या आधी तीच ओळ पोचेल. पंडितनं निरोप धाडलाय, गुरुजींनी उद्या घरीच आराम करावा. ती ओळ कुणी रचली हे सांगितल्याशिवाय माझं कुणी ऐकणार नाही. सांगितलं तर तू उघडी पडतेस. दार सताड उघडं आहे मैथिली, पण पाय उचलत नाही. दुपारपासून खुर्ची नुसती खिडकीकडून भिंतीकडं आणि भिंतीकडून खिडकीकडं हलवतोय.

तू राजीनाम्याची घाई करू नकोस. आबावरचा जीव उणा होऊ देऊ नकोस.
तुझा आबा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच दाराशी कुणी खाकरलं. पंडितचा माणूस असेल म्हणून मी मान वळवली नाही. पाहतो तर चौकटीला धरून राजेश्री उभी. बाळंतीण बाई, अंगावर सासूची शाल, घरात कुणाला न सांगता आलेली. इतके कॅमेरे आले, सगळ्यांनी तिला रडायला सांगितलं, काय घडलं ते विचारलं कुणीच नाही. ती म्हणते, अंगावर सूज हाय, गंगाखेडच्या दवाखान्यात आधीच जाऊन ऱ्हा, असं सिस्टरनं तिला बजावलं होतं. घरातून कुणी जाऊ दिलं न्हाई, ते ती उद्या ग्रामसभेत सांगणार आहे. मी चष्मा शोधायला लागलो, तर म्हणाली, वाचायचं काय न्हाई गुरुजी, तुमी नुसतं माझ्या शेजारी उभं ऱ्हा.