वसंताचं नाक

४ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टरांनी वसंताला ड्रायक्लीनिंगच्या मशीनपासून लांब राहायला सांगितलं. यकृत. पर्कच्या वाफेने, म्हणाले. म्हणजे ज्या द्रावणात आम्ही दोघा भावांनी निम्म्या सदाशिव पेठेचे कोट धुतले, त्यानेच.
जिना उतरल्यावर म्हणाला, "अण्णा, मशीन सोडून करू काय मी? तुझ्यासारखा गॅलरीत बसून कविता म्हणू?"
म्हटलं, तुला चाल जमत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
बिबवेवाडीच्या एका छोट्या कंपनीचा केतन आला. पर्कऐवजी त्यांचं नवं द्रावण. उसापासून केलेलं, कापडाला मऊ, माणसाला निर्धोक, वास शून्य. माहितीपत्रकावर झरा आणि हरीण. क्षणभर तिसरीचं पुस्तक उघडल्यासारखं झालं, गुरुजींच्या चालीसकट. त्या कवितांतही हरणाला कधी काही होत नसे.
"नैसर्गिक आहे, काका."
"धोतराही नैसर्गिकच असतो."
दोन वर्षं वापरलेलं कोणी आहे का, विचारलं. "कंपनीलाच अजून दोन वर्षं व्हायचीत, काका." हे अभिमानाने. चाचण्या चालू आहेत म्हणे. कोणावर, ते विचारलं नाही.
वसंताने बाटली हुंगली. "काही नाही रे अण्णा. नुसतं पाणी." किती दिवसांनी त्याचा असा खुललेला चेहरा बघितला. मला मात्र खवट शेंगदाणा तेलाचा वास आला. माझं नाक म्हातारं, असं समजलो. दुकानाचं नाक वसंताच. वडील पेट्रोलमध्ये धुवायचे तेव्हा हा स्टुलावर उभा राहून कोटाच्या काखेत नाक खुपसायचा. त्याने मान हलवली की मगच कोट हँगरला. गच्चीवर वाळणारे ते कोट, संध्याकाळचं ऊन, वडिलांच्या सदऱ्याला पेट्रोल... हुंगण्याचा तो नियम अजून आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
केतनने काही कपडे नेऊन त्यांच्या द्रावणात धुऊन आणले. त्यात वकीलसाहेबांचा कोट. वसंताने हुंगून पास केला. आज त्यांच्या बाई काउंटरवर. "हे कोर्टात बसले आणि शेजारच्यांनी खुर्ची सरकवली. धुतलात की तळलात?"
कॉलरचा डाग मात्र साफ गेला होता. खरं ते लिहावं.
वसंता म्हणाला, बाईंना नाक मुरडायची सवयच आहे.
दुपारी शैलाने, त्याच्या बायकोने, चहा देताना हळूच सांगितलं. गेल्या वर्षी दूध करपून पातेलं काळं झालं आणि हा ओट्याला टेकून पेपर वाचत होता.
"मग बोलली नाहीस?"
"बोलून नाक परत येतं का, अण्णा?"
म्हणजे पर्कने नाकही खाल्लं. आणि त्या नाकाच्या भरवशावर आम्ही पर्कऐवजी काय आणायचं ते ठरवतोय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
केतन यायच्या आधी त्याची नमुन्याची बाटली रिकामी केली आणि पर्क भरलं. वसंता मागच्या खोलीत होता.
केतन आला. बूच काढून म्हणाला, "वसंताकाका, अण्णाकाकांची जरा खात्री पटवा."
वसंताने बाटली घेतली. क्षणभर नुसतीच धरली. मग चाफा हुंगावा तशी हुंगली. "वास नाही."
केतन खोकत मागे सरला. माझ्याकडे बघितलं. मी हसत होतो.
पोरगं हुशार. घसा खाकरून म्हणालं, "काका, हेच कॅमेऱ्यासमोर बोलाल? पेठेतलं सगळ्यांत अनुभवी नाक!"
वसंता केसांना पाणी लावायला आत गेला. आता केतनही हसत होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सांगून टाकलं. "काल त्या बाटलीत पर्क होतं."
शेरवानीवरून ब्रश फिरवत होता. थांबला नाही. "माहीत आहे. हातात घेतली तेव्हाच कळलं. पर्क केवढं जड असतं."
"मग वास नाही का म्हणालास?"
"तुला माझी गंमत बघायची होती, बघितलीस. मला मशीनवर राहायचंय."
त्याने शेरवानी उलटवली.
"ते नवं वाईट असेलही. तसं निघायला काही वर्षं तरी लागतील ना? घरी बसवलंस तर मी पुढची दिवाळी बघत नाही. जा आता, माझ्या उजेडात उभा आहेस."

१६ नोव्हेंबर, रविवार
उद्या केतन मशीनमधलं पर्क काढून नवं द्रावण भरायला येणार. दुकान दोघांचं, माझा होकार हवा. अजून दिलेला नाही. शैला म्हणते, "तुम्ही नाही म्हणालात तर घरात ते दिवसभर माझ्यासमोर. तेव्हा विचार करून काय ते सांगा." हसत म्हणाली की कसं, कळलं नाही.
सकाळी वसंता वर आला. व्हिडिओसाठी चार ओळी हव्यात, गुरुजींच्या चालीवर बसतील अशा. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे कविता मागितली त्याने.
तीन लिहून दिल्या. झरा आला, हरीण आलं, ऊसही बसवला. चौथीत "वास नाही" आणायचं. यमक सहज जुळतंय.
लिहीत नाही.
खालून त्या तीन ओळी ऐकू येताहेत. चाल चुकतेय. तिसरीशी थांबतो, वाट बघतो, पुन्हा पहिल्यापासून